१९३३च्या ऑस्टिन सेव्हनवरची ‘स्पेशल’ : प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२४ : हाती आलेला माल

आज आली ती गाडी नव्हे, सुट्या भागांचा संच आहे. १९३३च्या ऑस्टिन सेव्हन सलूनची (बंद छताच्या गाडीची) चेसिस, तिच्यावर १९५०च्या दशकात कोणा हौशी माणसाने बसवलेली दोन आसनांची ॲल्युमिनियमची बॉडी, दोन बेअरिंगांचे ७४७ सीसी इंजिन, चार गिअरांचा गिअरबॉक्स आणि डब्यांत भरलेले नट-बोल्ट, एवढे सामान साडेतीन हजार पौंडांना मिळाले. जुन्या नोंदणीपुस्तकात ‘सलून’ हा शब्द खोडून ‘टू-सीटर’ असे लिहिले आहे. या गाडीचे मूळ रूप कधीतरी मोडले गेले आणि तिला दुसरा जन्म मिळाला, याचा तेवढाच लेखी पुरावा माझ्याकडे आहे.

जुन्या गाडीच्या भागांवर हौशी लोकांनी बांधलेल्या अशा गाड्या, म्हणजे ‘स्पेशल’, त्या काळात ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने तयार झाल्या, त्यामागे काही ठोस कारणे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, नव्या गाड्यांपैकी बहुतेक निर्यातीसाठी जात आणि देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर जबर खरेदीकर असे. पेट्रोलचे रेशनिंग तर मे १९५० पर्यंत उठले नव्हते. दुसरीकडे १९२२ ते १९३९ या काळात बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्यातून सुमारे २ लाख ९० हजार ऑस्टिन सेव्हन बाहेर पडल्या होत्या, त्यामुळे बॉडी कुजलेली पण यंत्र शाबूत असलेली सलून भंगाराच्या भावात मिळे. ब्रुकलंड्सचा जुना शर्यतींचा ट्रॅक युद्धानंतर शर्यतींसाठी पुन्हा उघडला नाही. मात्र सिल्व्हरस्टोन आणि वेस्टहॅम्पनेट (म्हणजे आजचे गुडवूड) येथील लष्करी विमानतळांच्या धावपट्ट्या व परिघरस्ते मोकळे झाले आणि १९४८ मध्ये दोन्ही ठिकाणी मोटारशर्यती सुरू झाल्या. मोटारविषयक पत्रकार बिल बॉडी यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये निघालेल्या ७५० क्लबाने ऑस्टिन सेव्हनच्याच भागांवर आधारलेली ‘७५० फॉर्म्युला’ ही स्पर्धा युद्धानंतर आखली, तेव्हा पगारदार तरुणाच्या आवाक्यातली शर्यत अस्तित्वात आली.

या नोंदी मराठीत ठेवण्याचे कारण असे की, पुण्या-कोल्हापूरकडच्या वर्कशॉपांत हात बसलेले माझे काही मित्र इथे ब्रिटनमध्ये असेच काम घेण्याच्या विचारात आहेत. त्यांना लेथ, वेल्डिंग किंवा फिटिंग शिकवण्याची गरज नाही. या विशिष्ट गाडीत काय फसते, एवढेच त्यांना कळायला हवे.

२१ सप्टेंबर २०२४ : आटे आणि पाने

सगळे भाग धुऊन मांडले. पहिली सूचना आट्यांबद्दल आहे. या गाडीच्या मूळ नट-बोल्टांवर मेट्रिक आटे नाहीत. व्हिटवर्थ आणि बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) हे जुन्या ब्रिटिश मापांचे आटे, तर काही जागी सायकलचे बारीक आटे आहेत. मागच्या मालकांपैकी कोणीतरी तीन ठिकाणी मेट्रिक बोल्ट जोर लावून घुसवले होते, त्यामुळे गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम खोळीतले आटे मेले आहेत. तेथे इन्सर्ट (नव्या आट्यांच्या बाह्या) बसवावे लागतील. जुन्या बाजारातून व्हिटवर्थ पान्यांचा संच आणि बीएसएफचे टॅप-डाय आधी घ्यावेत आणि मगच पहिला नट सोडावा.

१३ ऑक्टोबर २०२४ : चेसिस

या कामात माझे एक ठाम मत आहे आणि ते सुरुवातीलाच नोंदवतो. वेळ आणि पैसा आधी चेसिसवर व पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) खर्च करावा. इंजिनाची पाळी शेवटी यावी. नवशिक्याचा ओढा नेमका उलटा असतो, कारण इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि चेसिसचा पीळ दिसत नाही.

ऑस्टिन सेव्हनची चेसिस इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची असते. दोन्ही बाजूंचे दांडे पुढे नाकाशी एकत्र येतात, तेथे पुढचा आडवा पाटा बसतो. मागे हे दांडे ॲक्सलच्या अलीकडेच संपतात आणि त्यांच्या टोकांतून चतुर्थांश लंबवर्तुळाकार पाटे मागे निघतात. दांड्यांचा छेद खालून उघडा असल्याने चेसिस पिळली जाते. म्हणून स्पेशल बांधणारे लोक खालून पट्टी वेल्ड करून हा छेद बंद करीत आणि मध्ये एक-दोन नळ्या आडव्या घालीत. या गाडीवर ते काम झालेले आहे, पण वेल्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग मारलेला आहे.

ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि नाकाच्या मध्यबिंदूपासून दोन्ही मागच्या टोकांपर्यंत अंतरे मोजली. उजवी बाजू डावीपेक्षा ११ मिलिमीटरने लांब भरली. शिवाय उजवा दांडा मध्यभागी वर उचललेला होता. सलग वेल्डच्या उष्णतेने पट्टी आक्रसते आणि दांड्याला ओढून धनुष्यासारखा वाकवते. बाहेरून पाहता हे मुळीच लक्षात येत नाही. सत्तर वर्षे ही गाडी अशीच तिरकी चालली असणार.

१७ नोव्हेंबर २०२४ : चेसिस सरळ करताना

सरळ करण्याचा पहिला प्रयत्न फसला, आणि इतरांचा वेळ वाचावा म्हणून त्याचे कारण लिहितो. मी चेसिस जाड आय-बीमला शिकंजांनी बांधली आणि जुना वेल्ड तसाच ठेवून हायड्रॉलिक जॅकने दांडा खाली दाबला. दाब असेपर्यंत सर्व मापे जुळली. दाब काढताच दांडा जवळजवळ मूळ जागी परतला. वेल्डमधला ताण सोडवल्याशिवाय ही चेसिस सरळ राहणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

मग उजव्या दांड्याखालची पट्टी ग्राइंडरने पूर्ण कापून काढली. पट्टी सुटता सुटताच दांडा आपोआप निम्म्याहून अधिक खाली आला. उरलेला वाक जॅकने थंड अवस्थेतच काढला. नवी पट्टी १.६ मिलिमीटर पत्र्याची कापली आणि तिला सुमारे ४० मिलिमीटरचे तुटक टाके मारले. एक टाका पुढे, दुसरा मागे, तिसरा पलीकडच्या कडेला, आणि प्रत्येक टाक्यानंतर धातू हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत थांबायचे, असा क्रम ठेवला. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही. डावीकडची पट्टी मात्र तशीच ठेवली, कारण तो दांडा सरळ होता. दोन्ही बाजूंच्या अंतरांतला फरक आता दीड मिलिमीटरवर आला असून या चेसिससाठी तो चालण्याजोगा आहे. सैल झालेले रिबीट काढून त्यांच्या जागी रीम केलेल्या भोकांत घट्ट बसणारे बोल्ट घातले. पत्रा, गॅस, चकत्या व बोल्ट धरून खर्च १८० पौंडांच्या आत राहिला.

११ जानेवारी २०२५ : मागचे पाटे

या नोंदीवर वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

ऑस्टिन सेव्हनचा मागचा पाटा पुढच्या टोकाला चेसिसमध्ये घट्ट पकडलेला असतो आणि मागच्या टोकाला ॲक्सल धरतो. पाट्याला खाली झुकणारा बाक असेल, तर चाक वर उचलले जाताना ॲक्सलचे ते टोक थोडे मागे सरकते आणि चाक खाली जाताना ते पुढे येते. वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक वर जाते आणि आतले खाली. म्हणजे ॲक्सलची बाहेरची बाजू मागे, आतली पुढे. परिणामी मागची चाकेच वळू लागतात, तीही वळणाच्या बाहेरच्या दिशेने, आणि चालकाने मागितले नसताना गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. सलूनच्या मंद वेगाला हे चालून जाई. शर्यतीत यामुळे चालक सतत स्टिअरिंगशी झुंजत राही. उपाय साधा आहे. गाडीत माणूस बसलेला असताना पाटा सपाट असला पाहिजे. सपाट पाट्याचे टोक थोडे वर-खाली झाले तरी ते पुढे-मागे फारसे सरकत नाही. गाडीही आपोआप खाली बसते. जॅक फ्रेंच यांच्या ‘सिंप्लिसिटी’ या ऑस्टिन सेव्हन स्पेशलला त्या काळी जो मान मिळाला तो अशाच साध्या, विचारपूर्वक केलेल्या गोष्टींमुळे मिळाला, असे मला वाटते.

पाटे नव्याने बाक काढून घेण्यासाठी एका भट्टीवाल्याकडे दिले होते. ते परत आले तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या बाकाचे निघाले : समान वजन टांगले असता एका पाट्याचे टोक दुसऱ्यापेक्षा १४ मिलिमीटर खाली जात होते. त्यातल्या एका मुख्य पानाची (पाट्याच्या थरांतल्या मुख्य पट्टीची) जाडीही वेगळी होती, म्हणजे जुन्या काळी कोणीतरी दुसऱ्याच संचातले पान घातले होते. पुन्हा पाठवण्यात आणि नवे मुख्य पान बनवून घेण्यात नाताळचे सगळे दिवस गेले. मोजण्यासाठी मी भिंतीत एक जाड कोनी पट्टी पक्की केली, तिला पाटा मूळ बोल्टांनी बांधला, टोकाला जिममधल्या चकत्या टांगल्या आणि प्रत्येक वजनाला उतार लिहून काढला. दोन्ही पाटे आता तीन मिलिमीटरच्या आत जुळतात. पाटे सांगून घेण्याआधी गाडीचे अंतिम वजन आणि चालकाचे वजन अंदाजाने तरी ठरवलेले असावे, नाहीतर ‘सपाट’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉडही लावला.

८ फेब्रुवारी २०२५ : पुढचा ॲक्सल

पुढचा अखंड ॲक्सल मधोमध कापून दोन्ही अर्ध्या भागांना स्वतंत्र बिजागरी देण्याची पद्धत लेस्ली बॅलमी यांनी लोकप्रिय केली आणि लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनीही लोटस मार्क सिक्ससाठी फोर्डचा ॲक्सल असाच दुभागला. दिसायला ही युक्ती आकर्षक आहे. तरीही मी ॲक्सल अखंड ठेवला, कारण दुभागलेल्या ॲक्सलवर चाक वर-खाली होताना त्याचा उभा कोन बराच बदलतो आणि ते आटोक्यात ठेवायला पाट्यांचे व बिजागरीच्या जागेचे गणित पक्के लागते. अखंड ॲक्सल, सपाट केलेला आडवा पाटा, नवे किंगपिन व बुश, घर्षणाचे शॉक ॲब्सॉर्बर. येथे अडचण आली नाही.

१५ मार्च २०२५ : ब्रेक

मूळ ब्रेक तारांवर चालणारे होते. १९५०च्या दशकातल्या बांधणाऱ्याने मॉरिसचे हायड्रॉलिक भाग बसवले होते, जे त्या काळी सर्रास केले जाई. चाकांतले सिलिंडर गंजून खड्डे पडलेले होते. त्यांना स्टेनलेस स्टीलच्या बाही बसवून घेतल्या आणि सर्व रबरे नवी घातली.

पॅडल दाबल्यावर दगड दाबल्यासारखे लागत होते आणि गाडी मात्र ढकलली तरी चाक फिरे. हवा राहिली असावी म्हणून तेल पुन्हा पुन्हा काढले. त्यात फार वेळ गेला आणि तो वाया गेला, कारण हवा असती तर पॅडल मऊ लागले असते. कडक पॅडल म्हणजे दोष दुसरीकडे. क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आल्या आल्या मास्टर सिलिंडरचा व्यास विचारला. तो पाऊण इंचापेक्षाही मोठा, सात अष्टमांश इंच होता. पायाचा जोर तोच असेल तर तेलाचा दाब सिलिंडरच्या क्षेत्रफळाच्या उलट प्रमाणात असतो. पाच अष्टमांश इंचाचा सिलिंडर लावताच दाब जवळजवळ दुप्पट झाला आणि पॅडलची चालही तितकीच वाढली. हलक्या गाडीला मोठ्या गाडीचा सिलिंडर लावू नये. नवा सिलिंडर, बाह्या, नळ्या आणि अस्तरे मिळून ४३० पौंड.

२६ एप्रिल २०२५ : इंजिन

इंजिन उघडले. सिलिंडर आणि पिस्टन चांगल्या स्थितीत आहेत. क्रँक चुंबकीय पद्धतीने तपासायला दिला आणि मागच्या जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यात तडा सापडला. दोन बेअरिंगांच्या या इंजिनात क्रँकला फक्त दोन टोकांना आधार असतो आणि फेरे वाढले की तो मध्ये लवतो, त्यामुळे जुने क्रँक तुटणे ही या गाडीची सर्वज्ञात व्यथा आहे. तपासणीला जेमतेम पन्नास पौंड लागले आणि त्यामुळे क्रँककेस वाचली. नवा क्रँक घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. कनेक्टिंग रॉडना नवे व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) ओतून घेण्यासह हा खर्च पंधराशे पौंडांच्या घरात गेला.

तेलाची व्यवस्था समजून घ्यावी. पंप तेल दोन बारीक जेटपर्यंत आणतो आणि जेट ते फिरत्या क्रँककडे फवारतात. क्रँकच्या पाळ्यांतल्या खोबणीत जेवढे झेलले जाईल तेवढेच बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाला) पोचते. दाबाच्या काट्यावर आकडा अगदी कमी दिसतो, त्याने घाबरू नये. जेट तुंबले तर मात्र बिग एंड गेलेच. क्रँककेसच्या बाजूचे प्लग काढून बारीक तारेने जेट साफ करता येतात. तेल बदलताना प्रत्येक वेळी हे करावे. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसते. ते ग्राइंडिंग पेस्टने घासून सर्वत्र सारखे टेकेपर्यंत बसवले, कारण त्या जोडातली चावी (धातूची खुंटी) भार घेण्यासाठी नाही. भार घर्षणाने पेलला जायला हवा.

शक्ती वाढवण्याविषयी विचारणा झाली म्हणून येथे लिहितो. या ब्लॉकमध्ये चार सिलिंडरांना हवा आत घेण्याची दोनच तोंडे आहेत : १ व २ चे एक, ३ व ४ चे एक. पेटण्याचा क्रम १-३-४-२ असल्याने एका तोंडावरचे दोन सिलिंडर लागोपाठ ओढतात, एकमेकांचा वाटा खातात आणि मग ते तोंड बराच वेळ रिकामे राहते. चॅपमन यांनी १९५१च्या लोटस मार्क थ्रीसाठी तोंडांच्या आत पडदे घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट दिली. त्या हंगामात त्या गाडीपुढे ७५० फॉर्म्युलातल्या इतरांचा टिकाव लागला नाही आणि पुढे क्लबाने नियमांतून ही युक्ती बाद केली. नियम नीट वाचून ही फट शोधणारी बुद्धी थोर होती, यात मला शंका नाही. तरी मला हेही दिसते की ती गाडी हलकी आणि ताठही होती. नुसते इंजिन उचलून वाकड्या चेसिसवर ठेवले असते तर तो निकाल लागला नसता. माझे इंजिन मूळ मॅनिफोल्डवरच ठेवले आहे.

३१ मे २०२५ : बॉडी

जुन्या बॉडीतला शेपटीचा भाग आणि दारांखालचे पत्रे वाचले. बॉनेट व स्कटल (बॉनेटमागचा, चालकासमोरचा भाग) नव्याने केले. पत्रा १.२ मिलिमीटरचा, अर्धकठीण ॲल्युमिनियम. वळवण्याआधी त्यावर साबणाची वडी फिरवावी आणि साबण काळपट तपकिरी होईपर्यंत मागून ज्योत द्यावी; त्याक्षणी पत्रा मऊ झालेला असतो. त्याहून जास्त तापवला तर तो कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळतो. बॉनेटच्या कडेत तार गुंडाळताना एक कोपरा फाटला, कारण ठोकून ठोकून पत्रा पुन्हा कडक झाला होता आणि मधे मऊ केला नव्हता. तेवढा तुकडा कापून नवा जोडला. पोलादी नळ्या आणि ॲल्युमिनियम जेथे टेकतात तेथे फेल्टची पट्टी घातली. जुन्या बॉडीत ती नव्हती आणि प्रत्येक नळीवर पत्रा पांढऱ्या भुकटीसारखा झडलेला होता.

२८ जून २०२५ : पहिली धाव, आणि पाणी उकळले

गाडी सरळ धावते. हात सोडले तरी ती ओढत नाही आणि वळणावर मागचा भाग शांत राहतो. चेसिसवर आणि पाट्यांवर गेलेल्या हिवाळ्याचे सगळे मोल मला पहिल्याच वळणावर मिळाले.

पण पाच-सहा मैलांत पाणी उकळले. या इंजिनाला पाण्याचा पंप नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरते आणि एवढ्याच बळावर अभिसरण चालते. बॉनेट खाली घेण्यासाठी जुन्या बांधणाऱ्याने रेडिएटर बराच खाली बसवला होता आणि मीही तीच जागा कायम ठेवली. त्यामुळे हेडमधून निघणारी नळी रेडिएटरकडे उताराने जात होती, नळीच्या वरच्या वाकात वाफ अडकत होती आणि पाण्याचा प्रवाहच तुटत होता. रेडिएटर कितीही मोठा लावला तरी या दोषावर काही परिणाम झाला नसता.

१९ जुलै २०२५ : पाण्याची टाकी

पंप लावण्याचा पर्याय होता, पण तो पट्ट्यावर किंवा विजेवर चालवावा लागला असता आणि दोन्हींनी वजन व गुंतागुंत वाढली असती. त्याऐवजी पितळी पत्र्याची छोटी टाकी करून ती स्कटलच्या पुढे, बॉनेटच्या सर्वांत उंच भागाखाली बसवली. हेडमधून निघणारी नळी आता सतत चढत टाकीत जाते आणि टाकीच्या तळातून रेडिएटरच्या माथ्यावर उतरते. पाणी भरण्याचे झाकणही टाकीवरच आहे, म्हणजे पाण्याची पातळी नेहमी हेडच्या तोंडापेक्षा वर राहते. पितळ, डाग देण्याचे साहित्य आणि नळ्या मिळून साठ पौंडांच्या आसपास लागले. लाँगब्रिजवरून लिकी टेकड्यांच्या चढावर गाडी नेली. पाणी गरम झाले, उकळले नाही.

चारही चाकांखाली तराजू ठेवून वजन घेतले : इंधनाशिवाय सुमारे ३९० किलो, पैकी डावे पुढचे चाक उजव्यापेक्षा थोडे जड. मागच्या डाव्या पाट्याखाली पातळ पाचर घालून हा फरक कमी करायचा आहे, पण त्याआधी पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, कारण नवी पाने बसताना ते सैल होतात आणि सैल बोल्टांवर घेतलेल्या वजनाला भरवसा नाही. जेट उद्या उघडून पाहीन. पॅनहार्ड रॉडच्या चेसिसकडच्या कंसाला वेल्डशेजारी एक केसाएवढी रेघ दिसते आहे. ती रंगाची आहे की तड्याची, हे रंग खरवडून भेदक द्रव लावल्यावर ठरेल, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर नेणार नाही.